रंगाखालची बोट

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात फोनवर एकामागून एक सात फोटो आले. निळ्या-पांढऱ्या रंगाची बोट. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. मग इंजिनाचा एक, केबिनमधल्या देवाच्या तसबिरीचा एक आणि परवान्याच्या कागदाचा एक. खाली मजकूर होता : 'काका, ही घ्यायची म्हणतोय. दहा वर्षांची आहे. कशी वाटते?'

बोट सुरेख दिसत होती. तिथंच मला धास्ती वाटली.

विचारणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या वडिलांना १९९३ साली बोटीसाठी कर्ज देणारा बँक अधिकारी मी होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी तेव्हा माझी शाखा होती. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या घरात त्यातली एकही कोणी वाचलेली नाही. मी सही केलेला एक मंजुरीचा कागद मात्र त्या घरानं अकरा वर्षं वाचला, दर महिन्याच्या हप्त्याला एकदा.

ती हकीकत आधी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

तीन भाऊ होते. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून उमर गेलेली, थोरला तांडेल झालेला. नवी बोट बांधायची ऐपत नव्हती, म्हणून बारा वर्षं चाललेली एक लाकडी ट्रॉलर त्यांनी पसंत केली. पावणेदोन लाखांचं कर्ज हवं होतं आणि पदरचा हिस्सा म्हणून साठेक हजार घालायचे होते. ते कुठून आणणार, हा प्रश्न मी विचारला आणि दुसऱ्या दिवशी तिघी जावा शाखेत आल्या. पाटल्या, बांगड्या, एक मोहनमाळ, मुलांच्या कानांतलं. सोनं आमच्याच शाखेत तारण ठेवायचं होतं.

बँकेच्या पॅनेलवरच्या सराफांना बोलावलं. ते आले, चटई टाकून बसले, काळा कसोटीचा दगड पुढ्यात घेतला. एकेक डाग दगडावर घासला, रेघेवर आम्लाचा थेंब टाकला, चष्मा वर करून पाहिलं. पाटल्यांत लाख भरलेली होती, तिचं वजन अंदाजानं वजा केलं. मोहनमाळेचा फासा हलका निघाला, तो वेगळा लिहिला. चौदा तोळ्यांना सव्वा तास लागला. थोरल्या वहिनी एवढा वेळ उभ्याच होत्या. 'बसा' म्हटलं तरी बसल्या नाहीत.

दोनच दिवसांनी मी बोट पाहायला गेलो. बँकेच्या नियमाप्रमाणे एक व्हॅल्युअर बरोबर होते. हे गृहस्थ घरं आणि गोदामं यांचं मूल्यांकन करीत. धक्क्यावरूनच त्यांनी बोटीची लांबी-रुंदी लिहून घेतली, इंजिनाची अश्वशक्ती विचारली आणि गाडीत जाऊन बसले. मी निदान पँट दुमडून बोटीवर चढलो. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. इंजिन सुरू करायला सांगितलं, ते सुरू झालं. नवा तेलरंग लखलखत होता. 'स्थिती : चांगली' असं मी माझ्या हस्ताक्षरात लिहिलं. सगळं मिळून वीस मिनिटं.

दिवाळीनंतरच्या एका रात्री, किनाऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर, शाफ्ट बाहेर पडतो तिथून पाणी यायला लागलं. खवले आणि जाळ्याचे तुकडे अडकून पंप बंद पडला. सात माणसं बादल्यांनी पाणी उपसत राहिली. शेजारी मासेमारी करणाऱ्या बोटीनं दोर टाकून ओढत आणलं, म्हणून माणसं वाचली. बोट खाडीच्या तोंडाशी चिखलात बसली, इंजिनात खारं पाणी गेलं. विमा होता, पण विमा कंपनीनं लिहून कळवलं की नुकसान अपघातानं झालेलं नसून बोटीच्या जुनाटपणानं झालं आहे. वाक्य कायद्यानं बरोबर होतं. चौदा तोळ्यांपैकी मुलांच्या कानांतलं तेवढं सुटलं.

बोट ओहोटीला उघडी पडली तेव्हा मी पाहायला गेलो. तिथं गावातले होड्या बांधणारे सुतार आले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी इंजिनाखालच्या तळावर हातोडा मारला. तळाला सिमेंट थापलेलं होतं, वर रंग. सिमेंटची खपली निघाली आणि खालची फळी तात्यांनी बोटांनी कुसकरून दाखवली, भिजलेली भाकरी कुसकरावी तशी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, 'सायेब, बांगडी घासून बघितलीत. हिला का नाय बघितलीत घासून?'

त्यानंतर त्या शाखेत होतो तोवर सुट्टीच्या दिवशी मी तात्यांच्या मागून फिरत असे. जे शिकलो ते कुठल्या प्रशिक्षण वर्गात नव्हतं. तात्या आता नाहीत. फोटो पाठवणाऱ्याला मी उत्तर दिलं, 'फोटोवर सांगत नाही. येतो.'

मेच्या शेवटी जाण्यात हिशेब होता. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्याआधी बोट पाण्यात असते, नंतर उधाणाची भरती साधून वर ओढतात आणि शाकारून ठेवतात. जुनी बोट दोन्ही अवस्थांत पाहिली पाहिजे. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचं इंजिन नीट चालवून बघता येत नाही, कारण त्याला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी लागतं. पाण्यातल्या बोटीचं बूड दिसत नाही. विकणारा बहुधा यातली एकच सोय करून देतो.

सकाळी सहाला आम्ही बंदरात पोचलो. वेळ मुद्दाम तशी ठेवली होती आणि मालकाला सांगून ठेवलं होतं की इंजिन आम्ही आल्यावरच सुरू करायचं. पहिलं काम म्हणजे इंजिनाला हात लावणं. ते कोमट लागलं तर आपण यायच्या आधी कुणीतरी ते चालवून ठेवलेलं असतं, आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं हे लपवायचं असतं. इथं ते थंड होतं. तेलाची काठी काढून पाहिली. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय. बोटांवर चोळून चमचमणारे कण दिसले तर आतला धातू झिजून तेलात उतरतोय. तेल काळं होतं, पण साधं काळं.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहायचा. सुरुवातीचा पांढरा धूर थंडीचा असतो, जरा वेळानं जायला हवा. नाही गेला तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जातंय. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, किंवा पेलवत नाही एवढं ओझं ते ओढतंय. धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन कुणाचंही गोड चालतं, म्हणून आम्ही बाहेर खुल्या पाण्यात गेलो आणि अर्धा तास जोरात चालवलं. धूर किंचित निळा. मालक म्हणाला, 'रिंगा बदलल्या की झालं.' तसं असेलही. इंजिन हा बोटीचा बदलता येणारा भाग आहे. आपली माणसं तपासणीचा सगळा जीव इंजिनावर खर्च करतात, कारण इंजिन आवाज करतं.

परत आल्यावर मी तळातलं पाणी पूर्ण उपसायला लावलं, पंप बंद ठेवायला सांगितलं आणि आतल्या एका बरगडीवर खडूची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी पाणी कुठवर चढलंय ते पाहायचं. लाकडी बोटीत थोडं पाणी येतंच. किती येतं आणि कुठून येतं, हा प्रश्न. पाणी चार बोटं चढलं होतं. वाईट नव्हे, चांगलंही नव्हे.

दुसरी खेप जूनच्या पहिल्या आठवड्यात. बोट ओढून वर घेतलेली होती आणि पाऊस अजून लागायचा होता. मी आधी तिच्यापासून लांब गेलो, मागच्या बाजूला पन्नास पावलं, आणि नुसता उभा राहिलो. बोट म्हातारी होते तशी तिची पाठ वाकते. मधला भाग पाण्याच्या आधारानं उचललेला राहतो, नाळ आणि पिछाडी हळूहळू खाली लोंबतात. पठाण, म्हणजे तळाचा कणा, सरळ आहे का हे जवळून कळत नाही. एकदा वाकलेली पाठ कुणी सुतार सरळ करून देत नाही. हिची पाठ ठीक होती.

मग बूड. लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तो खरं म्हणजे किडा नव्हे, शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. पिल्लू असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून तो आत शिरतो आणि आतल्या आत वाढत, मागे चुन्याचं अस्तर लावत बोगदे काढतो. बाहेरून दहा टाचण्यांची टोकं दिसतात, आत फळीची चाळण झालेली असते. बोट बरेच दिवस कोरडी ठेवली की तो मरतो, बोगदे राहतात. जुने लोक बुडाला मुशीच्या यकृताचं तेल चोळत, काही ठिकाणी काजूच्या टरफलांचं. आता रंग असतो, आणि या बोटीला तर रंगाखाली फायबर होतं.

लाकडी बोटीवर फायबरचं पातळ आवरण चढवायची पद्धत गेली काही वर्षं फार बोकाळली आहे. नव्या, वाळलेल्या, निरोगी लाकडावर ते काळजीनं चढवलं तर किड्यापासून संरक्षण मिळतं, हे खरं. पण म्हाताऱ्या ओल्या लाकडावर ते चढवलं की आतली ओल आतच कोंडते. बाहेरून बोट टाइल्स बसवलेल्या न्हाणीघरासारखी गुळगुळीत दिसते आणि टोचा लावायला जागा उरत नाही. मी लाकडी हातोड्याच्या मुठीनं नाळेपासून मागेपर्यंत ठोकत गेलो. निरोगी फळी खणखणीत आवाज देते, कुजलेली भद्द वाजते. जिथं फायबर लाकडापासून सुटलेलं असतं तिथं रिकाम्या डब्याचा आवाज येतो. तसा आवाज डाव्या बाजूला एका जागी आला. मालकाच्या सुताराला तो ऐकू आला नाही. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता.

पंखा पाहिला. पितळेच्या कडेवर चाकूनं ओरखडा काढला की खालचा रंग सोनेरी हवा. गुलाबी-तांबूस निघाला तर खाऱ्या पाण्यानं त्यातलं जस्त खाऊन टाकलंय आणि पंखा ठिसूळ झालाय. हा सोनेरी होता. पंखा हातात धरून शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला. थोडा खुळखुळला. ते खर्चाचं काम, पण होणारं.

एवढं होईपर्यंत मुलाचा चेहरा खुलला होता. मी म्हटलं, 'आता मासळीच्या खणात उतरू या.'

इथं वाचकांना एक गोष्ट सांगतो, जी मला तात्यांनी सांगितली तेव्हा खोटी वाटली होती. बोटीचं लाकूड समुद्राच्या पाण्यानं कुजत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. बोट कुजते ती गोड्या पाण्यानं, म्हणजे पावसाच्या आणि बर्फाच्या. म्हणून सड खालून वर येत नाही, वरून खाली उतरते. केबिनच्या पायाशी, तख्ताच्या कोपऱ्यांत, डोलकाठीच्या बुडाशी, जिथं पाऊस साचतो तिथं ती सुरू होते. आणि सगळ्यांत जास्त मासळीच्या खणात, कारण तिथं टनांनी बर्फ वितळतो, त्यात मासळीचं रक्त मिसळतं, हवा खेळत नाही. विकत घेणारा वाकून बूड बघतो. बोट मात्र खणाच्या तोंडाशी कुजत असते.

खणात अंधार होता, वास होता आणि आतून नुकताच पांढरा रंग दिलेला होता. बॅटरी लावली. खिळ्यांच्या डोक्यांभोवती रंगाखालून काळे डाग उमटायला लागले होते. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचं लाकूड असं काळं पडतं आणि खिळ्याला धरून ठेवीनासं होतं. खणाच्या तोंडाला, जिथं तख्ताच्या तुळया येऊन टेकतात, तिथल्या कोपऱ्यात मी टोचा लावला. जोर केला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या कोपऱ्यात लावला, तिथंही. बाहेर काढला तेव्हा टोकाला तपकिरी ओला भुसा होता.

त्या तुळया पुढच्या आणि मागच्या अर्ध्या बोटीला एकत्र धरून असतात. मोठ्या लाटेत बोट पिळली जाते, तेव्हा तो पीळ तिथं येतो.

मालक वरून बघत होता. तो काही बोलला नाही. मुलगा म्हणाला, 'काका, तेवढ्या दोन तुळया बदलून घेऊ की. किंमत कमी करून मागतो.' मी म्हटलं, त्या बदलायला तख्त उघडावं लागेल, तख्त उघडलं की बाजूच्या फळ्यांची वरची टोकं दिसतील, आणि ती फायबरच्या आत कशी असतील ते आत्ता मला सांगता येत नाही. तो गप्प झाला. मग त्यानं खरं कारण सांगितलं. बोट जुनी आहे हे त्याला कळत होतं. त्याला हवा होता परवाना.

हा भाग शहरातल्या वाचकांना कदाचित नवा असेल. महाराष्ट्रात १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली बोटीला परवाना लागतो. मासळी घटते आहे म्हणून सरकारनं काही प्रकारच्या मासेमारीच्या परवान्यांना आवर घातला; ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशानं पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा आल्या. हेतूबद्दल माझी तक्रार नाही, समुद्र ओरबाडला गेला हे कुणीही मच्छीमार खासगीत कबूल करतो. पण जे मिळायला अवघड होतं त्याला भाव येतो. परवाना बोटीला चिकटलेला, आणि बोट लाकडाची. त्यामुळे जी फोडून जळणाला द्यायची, तिला कागदासाठी जिवंत ठेवतात. तिच्यावर फायबर चढतं, खणाला आतून रंग बसतो, आणि फोटो निघतात. त्यात २०२०चं निसर्ग आणि २०२१चं तौक्ते ही दोन चक्रीवादळं आपल्या किनाऱ्यानं पाहिली. जुन्या बोटीच्या मालकाला 'त्या दोन दिवशी ही कुठं होती?' हा प्रश्न मी हटकून विचारतो. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ मी ऐकतो.

आता माझ्या जुन्या धंद्याबद्दल. मच्छीमारांना बँकेचं कर्ज मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांपर्यंत आलं, २०२०मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. चांगलंच झालं. पण जुन्या बोटीवर कर्ज देताना तिच्या लाकडाला कोणी हात लावावा, हे अजूनही शाखेतल्या माणसाच्या मर्जीवर आहे. मुलानं अर्ज करायच्या आधी एका शाखेत चौकशी केली होती. त्याला सांगितलं गेलं, 'बोटीचे चार फोटो आणा, चारही बाजूंनी.' म्हणजे मी १९९३ साली निदान चढलो होतो.

सराफाला बँक पॅनेलवर घेते तेव्हा त्याची पदवी विचारत नाही, त्याची पेढी आणि पत विचारते. मग प्रत्येक बंदरातल्या दोन जाणत्या सुतारांना आणि एका इंजिनवाल्या मिस्त्रीला तसंच पॅनेलवर का घेऊ नये? त्यांची फी कर्जदारानं द्यावी, सराफाची देतो तशी. बोट पाण्यात एकदा आणि कोरडी एकदा पाहावी, खणात उतरावं, आणि सापडलेलं एका कागदावर लिहून सही करावी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोचीला १९५७पासून केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे. या सुतारांच्या हाताला ओलावा मोजायचं यंत्र आणि ठरावीक नमुन्याचा तक्ता द्यायचं काम त्यांना अवघड नाही. आणि परवाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना हा कागद जोडल्याशिवाय तो जाऊ नये. यावर एका जुन्या सहकाऱ्यानं मला विचारलं, 'सुतार विकणाऱ्याकडून पैसे खाऊन खोटं लिहील त्याचं काय?' लिहील एखादा. सराफही खोटं लिहू शकतो. म्हणून बँकेनं कसोटीचा दगड बंद केलेला नाही.

आम्ही त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. थोरल्या वहिनी आता सत्तरीच्या पुढं आहेत. चहा देताना त्यांनी काही विचारलं नाही. मुलगा म्हणाला, 'आई, नाय घेत ती.' त्या म्हणाल्या, 'बरं.' आणि आत जाऊन थोड्या वेळानं परत आल्या. हातांत काचेच्या बांगड्या होत्या. मुलगा अजून दुसऱ्याच्याच बोटीवर जातो. पुढच्या वर्षी लहान बोट नवी बांधता येईल का, याचा हिशेब आम्ही मांडतो आहोत.

गणपतीच्या आधी कामानिमित्त मी पुन्हा त्या बंदरात गेलो होतो. ती बोट धक्क्याला लागलेली होती. निळा रंग जाऊन हिरवा आला होता, नाव बदललं होतं, नाळेवर नारळी पौर्णिमेचा हार सुकून काळा पडला होता. खलाशी बर्फाच्या लाद्या खणात सोडत होते. सात जण होते, त्यांतले चौघे नेपाळचे, म्हणजे समुद्र पहिल्यांदा इथंच पाहिलेले. मला राहवलं नाही. तांडेलाला बाजूला घेऊन खणाच्या तोंडाच्या तुळयांबद्दल सांगितलं, कोपरेसुद्धा सांगितले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

'म्हाइत हाय, सायेब,' तो म्हणाला, 'पन कागद चांगला हाय हिचा.'